दोन्ही औषधांपुढे 'आर' लिहिलेलं, तरी दोन्ही एकत्र का दिली?

ओंजळ

आईला आयसीयूतून बाहेर येऊन दोन महिने झाले. आता ती आधार न घेता जिना चढते. हा धागा खरं तर तेव्हाच काढायचा होता, पण त्या दिवसांत चार ओळी सलग लिहिणंही जमत नव्हतं. काल फाइल लावताना कल्चरचे, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचे, रिपोर्ट पुन्हा हातात आले आणि सगळे प्रश्न जसेच्या तसे उभे राहिले.

आतड्याला छिद्र पडल्याने आईचं तातडीने ऑपरेशन झालं, मग व्हेंटिलेटर. नवव्या दिवशी पहाटे ताप १०३, बीपी पडलं, ते टिकवायला औषध चालू करावं लागलं. रक्ताचं कल्चर पाठवलं आणि त्याच तासात मेरोपेनेम या अँटिबायोटिकच्या जोडीला कोलिस्टिन हे दुसरं सुरू केलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, जंतूचं नाव: क्लेब्सिएला न्यूमोनिई. खाली औषधांची लांब यादी आणि जवळजवळ प्रत्येक नावापुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही. मेरोपेनेम आर, सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम आर, अझ्ट्रिओनम आर.

त्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, मेरोपेनेम बंद करतोय. सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम आणि अझ्ट्रिओनम ही दोन सुरू करतोय. कोलिस्टिन तूर्त राहू दे. मी यादीवर बोट ठेवून म्हटलं, अहो, या दोन्हींपुढे आर आहे. ते म्हणाले, "हो, पण एकत्र चालतात." तेवढ्यात पलीकडच्या बेडचा अलार्म वाजला आणि ते धावले. त्यांना दोष देत नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

पुढच्या दिवशी पोटात साचलेला पू नळी टाकून काढला. चौथ्या दिवशी ताप उतरला. दरम्यान क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते) वाढत गेलं, दोनदा डायलिसिस करावं लागलं. आता किडनी बरीच सावरली आहे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. न चालणारी दोन औषधं एकत्र कशी चालली? सुरुवातीलाच दोन का दिली? आणि किडनीचं जे झालं ते टाळता आलं असतं का? इथे या क्षेत्रातली मंडळी आहेत म्हणून विचारते आहे.

रात्रपाळी

ओंजळताई, आई घरी आल्या हे वाचून फार बरं वाटलं. मी आयसीयूत काम करतो. तुमची फाइल माझ्यासमोर नाही, त्यामुळे जे सर्वसाधारणपणे घडतं ते सांगतो. पहिल्या प्रश्नावर सूक्ष्मदर्शी माझ्याहून चांगलं लिहितील, म्हणून मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो.

पहाटे बीपी पडलं तेव्हा जंतू कोणता, हे कुणालाच माहीत नसतं. कल्चर वाढायला वेळ लागतो, आणि थांबायला मात्र वेळ नसतो. सेप्टिक शॉकच्या, म्हणजे संसर्गामुळे बीपी पडलेल्या रुग्णांवरचा २००६चा एक मोठा अभ्यास आहे. बीपी पडल्यानंतरच्या पहिल्या ६ तासांत योग्य अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेलं त्यात दिसलं. तो जुन्या नोंदींवरून केलेला अभ्यास आहे, त्यामुळे नेमक्या आकड्यावर वाद होतात. तरी शॉकमध्ये पहिल्या तासात औषध गेलंच पाहिजे, यावर आज फारसं दुमत नाही.

इथे महत्त्वाचा शब्द आहे 'योग्य'. नऊ दिवस व्हेंटिलेटरवर असलेल्या, आधी अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णात मेरोपेनेमला न जुमानणारा जंतू असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून वेगळ्या पद्धतीने मारणारं दुसरं औषध जोडतात. पुष्कळ नातेवाइकांना, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ डॉक्टरांनाही, वाटतं की दोन औषधं म्हणजे दुप्पट मारा. या टप्प्यावर तसं नसतं. दोनपैकी निदान एक तरी लागू पडावं, एवढाच हिशोब असतो. तुमच्या आईच्या बाबतीत मेरोपेनेम लागू पडलं नाही. कोलिस्टिन पडलं असावं. त्या दोन दिवसांत त्यानेच किल्ला लढवला, असं मी समजतो.

पण या हिशोबाला मुदत असते. रिपोर्ट आला की अंदाज संपतो. मग जे लागू नाही ते काढायचं, जे लागू आहे ते नीट द्यायचं. सेप्सिसची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०२१ साली नव्याने आली, त्यांतही हेच आहे: बहुऔषधरोधक जंतूचा धोका जास्त असेल तर सुरुवातीला ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंवर (क्लेब्सिएला याच गटातला) दोन औषधं, आणि जंतू व त्याची संवेदनशीलता कळल्यावर दुहेरी मारा चालू ठेवायचा नाही.

पू काढल्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत. माझ्या मते ताप उतरण्यात त्या नळीचा वाटा औषधांइतकाच असेल. साचलेल्या पुवात अँटिबायोटिक नीट पोचत नाही आणि पोचलं तरी तिथे नीट काम करत नाही. औषधामागून औषध जोडत बसायचं आणि पू तसाच ठेवायचा, ही चूक मी स्वतः होताना पाहिली आहे.

सूक्ष्मदर्शी

रात्रपाळी, तुम्ही माझ्यावर टाकलंत म्हणून थोडं सविस्तर लिहिते. प्रयोगशाळेतल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

आधी त्या यादीबद्दल. यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे एकटं औषध विरुद्ध जंतू. यंत्रातल्या प्लेटवर प्रत्येक खळग्यात एकेकच औषध असतं. 'आर' म्हणजे हे औषध एकटं दिलं तर चालणार नाही. शेजारच्या खळग्यातल्या औषधाबरोबर दिलं तर काय होईल, हे तो रिपोर्ट सांगतच नाही. कारण ते तपासलेलंच नसतं.

आता तुमच्या आईचा जंतू. रिपोर्टच्या मागच्या पानावर जनुक तपासणी असेल तर 'एनडीएम' असं काहीतरी लिहिलेलं सापडेल, असा माझा अंदाज आहे. एनडीएम हे जंतूने बनवलेलं एक एन्झाइम आहे, एक कात्री म्हणा. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम औषधं ती कापून टाकते. एवढी धारदार कात्री, पण अझ्ट्रिओनम तिला कापता येत नाही. त्याची घडणच वेगळी आहे.

मग अझ्ट्रिओनमपुढे आर का? कारण असा जंतू सहसा एकच कात्री बाळगत नाही. त्याच्याकडे ईएसबीएल प्रकारची एन्झाइम्स असतात, कधी एएमपी-सी असतं. ती अझ्ट्रिओनम कापतात. म्हणजे पहिली कात्री अझ्ट्रिओनमला सोडते आणि दुसरी त्याला गाठते.

इथे अ‍ॅविबॅक्टम येतं. ते स्वतः जंतूला मारत नाही, कात्र्या निकामी करतं. ईएसबीएल, एएमपी-सी, केपीसी, ऑक्सा-४८ या सगळ्या त्याच्यापुढे थांबतात. एनडीएम मात्र थांबत नाही, कारण ती जस्ताच्या आधाराने चालणारी वेगळ्याच घराण्यातली आहे. म्हणून सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम एकटं दिलं तर अ‍ॅविबॅक्टम दुसऱ्या कात्र्या थांबवतं, पण सेफ्टाझिडिमला एनडीएम कापते. म्हणून आर.

आता दोन्ही एकत्र करा. अ‍ॅविबॅक्टम दुसऱ्या कात्र्या अडवून धरतं, पहिलीला अझ्ट्रिओनम कापता येत नाही. अझ्ट्रिओनम शाबूत पोचतं आणि जंतूची भिंत बांधणारं यंत्र बंद पाडतं. सेफ्टाझिडिमचं या लढाईत खरं म्हणजे काही काम नाही. अ‍ॅविबॅक्टम त्याच्याच कुपीत मिळायचं, म्हणून ते सोबत आलं. पुढे अझ्ट्रिओनम आणि अ‍ॅविबॅक्टम एकाच कुपीत असलेलं औषध तयार झालं. त्याला युरोपात २०२४ साली आणि अमेरिकेत २०२५ साली मान्यता मिळाली.

हे नुसतं तर्कशास्त्र नाही. प्रयोगशाळेत त्याची साधी परीक्षा करता येते. द्रवमाध्यमाच्या चार नळ्या घ्यायच्या. एक कोरी, एकीत अझ्ट्रिओनमची चकती, एकीत सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टमची, चौथीत दोन्ही. औषध चकतीतून द्रवात उतरू द्यायचं, मग चारही नळ्यांत जंतू घालून रात्रभर उबवायचं. सकाळी पहिल्या तीन नळ्या गढूळ आणि चौथी नितळ. इतकी वर्षं झाली, तरी ती चौथी नळी उजेडासमोर धरताना अजून हात सावकाश हलतो.

चौथी नळी नेहमीच नितळ निघते असं मात्र नाही. काही एनडीएमवाल्या ई. कोलायमध्ये अझ्ट्रिओनम जिथे चिकटतं ती जागाच बदललेली असते. तिथे कात्र्या थांबवूनही फारसा फायदा होत नाही. म्हणून परीक्षा करायची, गृहीत धरायचं नाही.

ओंजळ

आत्ता फाइल काढून पाहिली. मागच्या पानावर खरंच आहे: 'एनडीएम: आढळले'. आणि खाली पेनने लिहिलंय, 'अझ्ट्रि + सीझेडए एकत्रित चाचणी: वाढ नाही'. सीझेडए म्हणजे सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टमच. दोन महिने हे पान माझ्याजवळ होतं.

पारिजात

मी आयसीयूत नर्स आहे. सूक्ष्मदर्शी मॅडमचं वाचल्यावर आम्हाला इतकं बजावून का सांगतात ते आज नीट कळलं. या जोडीच्या ऑर्डरवर आमच्याकडे लिहिलेलं असतं: दोन्ही एकाच वेळी, तीन तासांत. अझ्ट्रिओनम सकाळी आठला आणि दुसरं दहाला, असं चालत नाही. दोन पंप, एकाच लाइनला जोड, बरोबर सुरू करायचे. शिफ्ट बदलताना एखादा पंप बंद राहिला तर रुग्णाला एकटं औषध जातं, म्हणजे तुमच्या भाषेत 'आर'वालं. त्या वेळी लाइनवर रक्त किंवा दुसरं काही चालू असेल तर वेगळी लाइन मागून घ्यावी लागते. हे सगळं जागेवर उभं राहून सांभाळावं लागतं.

मात्रा

पारिजातशी शंभर टक्के सहमत. मी क्लिनिकल फार्मासिस्ट आहे, माझा सगळा दिवस डोस पाहण्यातच जातो. जोड कोणती यावर राउंडला तासभर चर्चा होते, आणि डोसावर दोन मिनिटं. वाईट याचं वाटतं की पुष्कळदा दुसरं औषध जोडलं जातं ते पहिलं कमी पडलं म्हणून, आणि पहिलं कमी पडलेलं असतं ते कमी मात्रेत गेलं म्हणून.

गंभीर आजारी माणसाचं शरीर पुस्तकातल्यासारखं वागत नाही. सलाइनने अंगात पाणी साचतं, औषध त्यात पातळ होतं. तरुण, जखमी किंवा भाजलेल्या रुग्णांत किडनी उलट जास्त वेगाने काम करते आणि औषध भराभर बाहेर टाकते. क्रिएटिनिन 'नॉर्मल' दिसतं आणि रक्तात औषध मात्र पुरेसं उरलेलं नसतं. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाचा हिशोब आणखी वेगळा.

कोलिस्टिनचं उदाहरण घ्या. आपण देतो ते औषधाचं निष्क्रिय रूप. शरीरात त्याचं हळूहळू सक्रिय रूप होतं. सुरुवातीचा मोठा डोस न देता नेहमीचाच डोस सुरू केला तर पुरेशी पातळी गाठायला दोन-तीन दिवस जातात. शॉकमधल्या माणसाला तेवढे दिवस कुठून आणायचे? म्हणून आता ९० लाख युनिटचा पहिला डोस देतात. पॉलिमिक्सिन बी हे त्याचं भावंड थेट सक्रिय रूपातच जातं.

मेरोपेनेमसारखी औषधं जंतूवर जितका जास्त वेळ टिकून राहतील तितकी चांगली, म्हणून ती तीन-चार तासांत सावकाश किंवा सतत चालू ठेवतात. बीलिंग-३ या २०२४च्या चाचणीत सुमारे ७,००० रुग्ण होते. सतत दिलेल्या गटात ९० दिवसांतले मृत्यू २४.९ टक्के, थांबून-थांबून दिलेल्या गटात २६.८ टक्के. एकट्या त्या चाचणीत हा फरक सांख्यिकीच्या कसोटीवर उतरला नाही. तरी हा मार्ग मला पटतो, कारण यात रुग्णाच्या अंगात एकही जादा औषध जात नाही.

गणिती

विज्ञानाचा विद्यार्थी होतो, वैद्यकाचा नाही. एक शंका. एका औषधाला न जुमानणारा जंतू आपोआप तयार होण्याची शक्यता समजा दहा कोटींत एक. दुसऱ्यालाही तितकीच. तर दोन्हींना एकाच वेळी न जुमानणारा दहा हजार लाख कोटींत एक. इतके जंतू शरीरात नसतातच. मग जोड-औषध दिलं की रेझिस्टन्स संपलाच पाहिजे ना?

सूक्ष्मदर्शी

हाच हिशोब क्षयरोगात मांडला गेला आणि तिथे तो खरा ठरला. १९४८ साली ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या गाजलेल्या चाचणीचा निकाल छापून आला. ५५ रुग्णांना औषध, ५२ जणांना नुसती विश्रांती. सुरुवातीला फरक डोळ्यांना दिसण्याइतका होता. पण काही आठवड्यांत बहुतेकांच्या थुंकीत स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारे जंतू निघू लागले. पुढे पीएएस या दुसऱ्या औषधाची जोड देऊन पाहिलं तेव्हा ते प्रमाण खूपच घटलं, तो निकाल १९५० साली आला. आजही क्षयाला एकच औषध देत नाहीत, त्याचं मूळ तिथे आहे.

पण तुमच्या गुणाकारामागे दोन गृहीतकं आहेत. पहिलं, दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. दुसरं, दोन्ही औषधं सुरुवातीला लागू पडतात. क्षयाच्या जंतूत बदल मुख्यतः त्याच्या स्वतःच्या जनुकांत एकेक करून होतात, म्हणून गुणाकार चालतो. क्लेब्सिएलासारखे जंतू प्लाझ्मिड नावाचा एक तुकडा शेजारच्या जंतूकडून आयताच घेतात, आणि त्या एका तुकड्यावर चार-पाच औषधांविरुद्धची जनुकं एकत्र बसलेली असू शकतात. तिथे गुणाकार कोसळतो. जंतू रुग्णालयात आला तेव्हाच मेरोपेनेमला दाद देत नव्हता, तर मेरोपेनेम जोडून तुम्ही त्याच्यापुढे दुसरं कुंपण घातलेलं नाही. कुंपण एकच आहे, कोलिस्टिनचं.

शंकासुर

सगळं वाचलं. पण मला उलट प्रश्न पडतो. पहिल्या दिवशी काहीच माहीत नसतं तर दोनच का? तीन द्या, चार द्या. जीव वाचतोय तर हात का आखडता घ्यायचा?

रात्रपाळी

शंकासुर, राउंडला तरुण डॉक्टर हे मला दर महिन्याला विचारतात, आणि विचारलंच पाहिजे. उत्तर म्हणून मी त्यांना कॅमेरा-२ चाचणी वाचायला देतो. रक्तात एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस असलेले ३५२ रुग्ण. नेहमीचं औषध, व्हँकोमायसिन किंवा डॅप्टोमायसिन, दोन्ही गटांना. एका गटाला त्याच्या जोडीला फ्लुक्लॉक्सासिलिनसारखं दुसरं औषध. प्रयोगशाळेत ही जोड उत्तम दिसली होती, आणि रुग्णांतही जंतू रक्तातून लवकर गेले. पण जोड-औषधाच्या गटात २३ टक्के रुग्णांच्या किडनीला इजा झाली, दुसऱ्या गटात ६ टक्के. मृत्यू कमी झाले नाहीत. चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०२०चं हे प्रकरण आहे.

त्याआधी ७५८ रुग्णांच्या अ‍ॅरेस्ट चाचणीत स्टॅफिलोकॉकसच्याच रक्तसंसर्गात रिफँपिसिन जोडून पाहिलं होतं. एकंदरीत फायदा दिसला नाही. २०१२च्या एका जर्मन चाचणीत गंभीर सेप्सिसमध्ये मेरोपेनेम एकटं आणि मेरोपेनेमसोबत मॉक्सिफ्लॉक्सासिन, असे दोन गट होते. अवयवांच्या बिघाडात फरक नव्हता.

जादा औषध म्हणजे जादा विषारीपणा, आतड्यातल्या चांगल्या जंतूंची जादा कत्तल, मग क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाच्या जंतूचे जुलाब, आणि पुढच्या आठवड्यात येणारा जंतू आणखी निबर. हे सगळं त्याच रुग्णाच्या वाट्याला येतं.

सूक्ष्मदर्शी

आणि कधी कधी औषधं एकमेकांच्या पायांतही येतात. १९५१ साली न्यूमोकॉकस या जंतूच्या मेंदूज्वरात पेनिसिलिन एकटं आणि पेनिसिलिनसोबत क्लोरटेट्रासायक्लिन, अशी तुलना झाली होती. जोड दिलेल्या रुग्णांत मृत्यू कितीतरी जास्त निघाले. पेनिसिलिन वाढणाऱ्या जंतूला मारतं आणि टेट्रासायक्लिन त्याची वाढच थांबवतं. ज्याला मारायचं त्यालाच झोपवून ठेवलं, तर पहिलं औषध करणार काय?

वाटसरू

हा धागा वाचू नये असं वाटत होतं, तरी वाचला. माझे वडील मागच्या वर्षी गेले. जंतूचं नाव अ‍ॅसिनेटोबॅक्टर बॉमनी, फुप्फुसात. कोलिस्टिन आणि मेरोपेनेम चालू होतं. शेवटच्या आठवड्यात मी डॉक्टरांना म्हणालो, अजून एखादं जोडा ना. ते म्हणाले, उपयोग नाही. मला आजही वाटतं की मी जास्त जोर लावायला हवा होता.

रात्रपाळी

वाटसरू, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि उत्तर लिहायला सकाळ होऊ दिली.

तुम्ही जे मागत होतात ते नेमकं तपासलं गेलं आहे. आयडा नावाची चाचणी इस्राएल, ग्रीस आणि इटलीत झाली, २०१८ साली प्रसिद्ध झाली. कार्बापेनेमला दाद न देणारे जंतू असलेले ४०६ गंभीर रुग्ण, त्यांतले तीन चतुर्थांशांहून जास्त अ‍ॅसिनेटोबॅक्टरचे. निम्म्यांना कोलिस्टिन एकटं, निम्म्यांना कोलिस्टिन आणि मेरोपेनेम. २८ दिवसांत एका गटात ४३ टक्के गेले, दुसऱ्यात ४५. पुढे ओव्हरकम नावाच्या दुसऱ्या चाचणीत हाच प्रश्न पुन्हा घेतला. जोड दिलेल्या गटात मृत्यू थोडे कमी, ४३ऐवजी ३७ टक्के, पण तो फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान. इटलीत २१० रुग्णांवर कोलिस्टिनला रिफँपिसिन जोडून पाहिलं होतं. त्यात जंतू जास्त रुग्णांतून नाहीसे झाले, आणि मृत्यू मात्र जवळजवळ तेवढेच राहिले.

या आकड्यांकडे पाहा. औषध काहीही दिलं तरी दहातले चार जण जात होते. तुमच्या डॉक्टरांनी 'उपयोग नाही' म्हटलं तेव्हा त्यांच्यामागे हे होतं. ते त्यांनी तुमच्याजवळ बसून सांगायला हवं होतं, एवढं मात्र मी म्हणेन. तुमचा जोर कमी पडला नाही.

या जंतूबाबत पुढे थोडा उजेड दिसतो आहे. सल्बॅक्टम-डर्लोबॅक्टम या औषधाची अटॅक चाचणी २०२३ साली आली. दोन्ही गटांना इमिपेनेम होतंच, त्यावर एका गटाला हे नवं औषध, दुसऱ्याला कोलिस्टिन. मृत्यू १९ टक्के आणि ३२ टक्के. चाचणी लहान होती, नवं औषध कोलिस्टिनपेक्षा वाईट नाही एवढंच तिला दाखवायचं होतं, आणि ते तिने दाखवलं. किडनीची इजा १३ टक्के विरुद्ध ३८. अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या गंभीर संसर्गात आजही तज्ज्ञ दोन औषधं सुचवतात, त्यांतलं एक सल्बॅक्टम असलेलं. म्हणजे इथे जोड पूर्ण बाद झालेली नाही. कोणती जोड, हा प्रश्न आहे.

वाटसरू

धन्यवाद डॉक्टर. एवढं कुणी सांगितलं नव्हतं. रिफँपिसिनचं नाव मी तेव्हा इंटरनेटवर वाचून त्यांना सुचवलं होतं.

ओंजळ

वाटसरू, तुमच्या वडिलांबद्दल वाचून गलबलून आलं.

रात्रपाळी, तो ३८ टक्क्यांचा आकडा वाचला आणि पुन्हा माझ्या तिसऱ्या प्रश्नावर येते. आईचं कोलिस्टिन रिपोर्ट आल्यानंतरही तीन दिवस चालू होतं. डायलिसिस त्यानंतरच लागलं. ते रिपोर्टच्या दिवशीच थांबवता आलं नसतं का?

रात्रपाळी

हा प्रश्न टाळणार नाही, पण निवाडाही देणार नाही, कारण मी तिथे नव्हतो.

आधी एक. शॉक स्वतःच किडनी बिघडवतो. बीपी पडलं की किडनीला रक्त कमी पोचतं. त्यामुळे क्रिएटिनिन वाढण्यात कोलिस्टिनचा वाटा किती आणि आजाराचा किती, हे वेगळं काढता येत नाही. कोलिस्टिन १९५९पासून वापरात आहे आणि किडनीच्या भीतीनेच सत्तरच्या दशकात बाजूला ठेवलं गेलं होतं. दुसरं काही उरलं नाही म्हणून ते परत आणावं लागलं. सूक्ष्मदर्शींनी सांगावं, पण अमेरिकेतल्या प्रयोगशाळांच्या मानकांत २०२०पासून या जंतूंसाठी कोलिस्टिनपुढे 'सेन्सिटिव्ह' हा शब्दच छापत नाहीत, फार तर 'इंटरमीडिएट'.

पहिल्या दोन दिवसांचं कोलिस्टिन मला योग्यच वाटतं. त्यानंतरचे तीन दिवस हा खरा प्रश्न आहे. तुमच्या फाइलमधली पेनने लिहिलेली नळीची चाचणी कोणत्या तारखेची आहे ते पाहा. ती येईपर्यंत नवी जोड लागू पडेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून कोलिस्टिन ठेवलं असेल तर मी ते समजू शकतो. चाचणी आल्यावरही चालू राहिलं असेल, तर ते तेव्हा थांबवायला हवं होतं, असं माझं मत आहे. आम्ही सुरू करताना जितका विचार करतो तितका थांबवताना करत नाही. रुग्ण सुधारत असला की काहीही काढायची भीती वाटते. मलाही वाटते. म्हणून मी आता दुसरं औषध लिहितानाच शेजारी तारीख लिहितो, अमुक दिवशी पुन्हा विचार.

ओंजळ

तारीख पाहिली. चाचणी रिपोर्टच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळची आहे. म्हणजे दोन दिवस जास्त गेलं असं दिसतं. राग आला नाही, खरंच. पण पुढच्या तपासणीला गेले की विचारेन.

मात्रा

जरूर विचारा. आणि भांडण म्हणून विचारू नका, नाहीतर खरं उत्तर मिळणार नाही.

शंकासुर

माझा प्रश्न मागे घेतो असं नाही, पण थोडा बदलतो. मग जोड-औषधाने जीव वाचला असं नक्की कुठे दाखवता येतं?

सूक्ष्मदर्शी

ज्या जोडीमागे ठोस कारण आहे तिथे. ओंजळच्या आईला दिलेलीच जोड घ्या. इटली आणि ग्रीसमधल्या १०२ रुग्णांचा अभ्यास २०२१ साली आला. सगळ्यांच्या रक्तात एनडीएमसारखी जस्तवाली कात्री बाळगणारे जंतू. सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टमसोबत अझ्ट्रिओनम मिळालेल्यांत ३० दिवसांत १९.२ टक्के गेले, इतर औषधं मिळालेल्यांत ४४ टक्के. चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, त्यामुळे पूर्ण खात्री देता येत नाही. पण फरक मोठा आहे आणि नळीत दिसणाऱ्या गोष्टीशी जुळतो.

दुसरा पुरावा म्हणजे इन्क्रिमेंट, २०१७चा, अनेक देशांतला जुन्या नोंदींचा अभ्यास. एकापेक्षा जास्त लागू पडणारी औषधं दिलेल्यांत मृत्यू कमी दिसले, पण फक्त आधीपासूनच मृत्यूचा धोका खूप जास्त असलेल्या रुग्णांत. कमी धोक्याच्या रुग्णांत एकाच योग्य औषधाने तेवढंच साधलं. आणि ते दिवस नवी औषधं हाती येण्याआधीचे होते. आज जंतूला लागू पडणारं नवं बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या घराण्यातलं) औषध मिळालं, तर त्याला उगीच जोड देऊ नये, असंच अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेचं मार्गदर्शन आहे.

पारिजात

एक भर घालू का? नळीतल्या कफाचं कल्चर पॉझिटिव्ह आलं म्हणजे संसर्ग झालाच असं नसतं. व्हेंटिलेटरवरच्या पुष्कळ रुग्णांच्या नळीत हे जंतू नुसते वस्तीला असतात. ताप नाही, ऑक्सिजन वाढवावा लागलेला नाही, एक्स-रे तसाच. अशा वेळी रिपोर्टवर उपचार होऊ नयेत म्हणून आम्ही नर्सच आधी डॉक्टरांना सांगतो की रुग्ण तर बरा दिसतोय. आणि हात धुणं. रोज तेच सांगून कंटाळा येतो, तरी सांगते. तो जंतू एका बेडवरून दुसऱ्या बेडवर आमच्याच हातांनी जातो.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं विचारते. आई आता बरी आहे, तर हा जंतू गेला असं समजायचं का?

सूक्ष्मदर्शी

संसर्ग गेला. जंतू मात्र आतड्यात काही महिने, कधी वर्षभरही, गुपचूप राहू शकतो. त्रास नसेल तर त्यावर उपचार करायचे नाहीत. पण पुन्हा कधी रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर पहिल्याच तासात सांगा की पूर्वी रक्तात एनडीएमवाला क्लेब्सिएला आला होता, आणि ते मागचं पान दाखवा. रात्रपाळींनी सुरुवातीला लिहिलेला तो अंदाजाचा खेळ त्यांना मग शून्यापासून खेळावा लागणार नाही. शिवाय आईंना वेगळ्या खोलीत ठेवायचं की नाही, हेही त्यांना तेव्हाच ठरवता येईल.

ओंजळ

ते पान आत्ताच काढून फाइलच्या अगदी वर लावलं. फोटोही काढून भावाला पाठवला.